डावं दादांचं, उजवं यांचं

आमच्या हॉलमध्ये सोफ्यापासून फ्रिजपर्यंत होडी कशी आली, असं लोक विचारतात तेव्हा मी "आली हळूहळू" एवढंच सांगते. खरं म्हणजे अख्खी होडी आलीच नव्हती. अर्धी आली होती. दुसरी अर्धी खाली दादांच्या गॅरेजमध्ये होती. या दोन अर्ध्यांच्या मध्ये चोवीस पायऱ्या, एक वळण आणि मी.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. ते खाली राहतात, आम्ही वर. दादा आणि आमचे हे नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. का, ते विचारू नका. मी दोघांनाही विचारून बघितलं होतं. दोघांनी दोन वेगळी कारणं सांगितली, आणि ती ऐकून मला वाटलं की एवढ्यावरून मी तर शेजारणीशी दुपारपर्यंतसुद्धा अबोला धरला नसता. गंमत म्हणजे भांडण असं काही नव्हतंच. दादांच्या जिन्यातला दिवा गेला की हे नवा आणून माझ्या हातात देत. यांना खोकला झाला की दादा खालून औषधाची बाटली पाठवत. जाऊबाई गेल्या तेव्हा चार दिवस हेच सगळीकडे धावत होते, दादांच्या शेजारी बसत होते, पण तोंडातून शब्द नाही. मीच मध्ये बसून दोघांच्या वतीनं बोलत होते आणि दोघांच्या वतीनं रडत होते.

निरोप न्यायच्या कामात मी नऊ वर्षांत बरीच तरबेज झाले होते. निरोप नुसता न्यायचा नसतो, पाखडून न्यायचा असतो. "त्या गाढवाला म्हणावं, टाकी वाहतेय" हा खालून निघालेला निरोप जिन्याच्या वळणापाशी मी जरा सुपात घेई, आणि वर पोचेपर्यंत तो "दादा म्हणतात, टाकीकडे बघता का जरा" एवढा स्वच्छ होई. उलट बाजूनंही तेच. परिणाम असा झाला, की दोघांनाही वाटायला लागलं की दुसरा हल्ली पुष्कळ सुधारलाय, पण आपणहून बोलायला मात्र तयार नाही. म्हणजे अबोला टिकवण्यात माझाही हातभार होताच. हे मला फार उशिरा कळलं. बऱ्याच गोष्टी मला उशिराच कळतात.

मग एक दिवस दादांनी ठरवलं, की लेकीकडे कायमचं राहायला जायचं. लेक राहते ते गाव विमानानं जावं लागतं असलं. अडीच महिन्यांनी एका गुरुवारी सामानाचा ट्रक येणार होता.

"त्याला सांगून ठेव," दादा मला म्हणाले.

मी वर जाऊन सांगितलं. हे पेपर वाचत होते. "बरं," म्हणाले, आणि त्यानंतर पेपरचं तेच पान अर्धा तास वाचलं. त्या पानावर फक्त जाहिराती होत्या.

त्या दिवशी मी मनाशी एक पक्कं केलं. ट्रक यायच्या आत या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलायला हवं. एकच. विषय कुठलाही चालेल, हवामान चालेल. कारण दादा एकदा गेले की फोनवर बोलतील अशी आशा नव्हती, आणि तिकडे निरोप न्यायला मी कुठून पुरणार.

होडीचा विषय मी काढला नाही, हे इथे नमूद करून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी तो माझ्याच नावावर घातला. झालं असं की दादांनी आवराआवरीत एक जुना, घड्यांवर फाटलेला आराखडा रद्दीत टाकला. त्यात शेजारी शेजारी दोन निमुळती होडकी, ती जोडणारे दोन आडवे वासे, वाशांवर फळ्यांचा माळा आणि वर एक शीड असं चित्र होतं. कोपऱ्यात दोन शाळकरी अक्षरांत दोन सह्या. रद्दीचा गठ्ठा जिन्याखाली होता. हे संध्याकाळपर्यंत त्याच्यावरून चार वेळा गेले. पाचव्या वेळी आराखडा काढून घेऊन बाहेर पडले, त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद परत गठ्ठ्यात होता तिथे ठेवून दिला. दादांची वस्तू न विचारता ठेवून घेणं ही चोरी, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

सकाळी दादांनी मला हाक मारली. "हा कागद कुणीतरी हलवलाय. घडी उलटी पडलीय."

मी रद्दीचा गठ्ठा सारखा करायला लागले.

"त्याला म्हणावं, डावं मी करतो."

"डावं काय?"

"त्याला कळेल."

मी वर गेले. हे दाढी करत होते. "दादा म्हणतात, डावं ते करतात."

यांचा हात गालावरच थांबला. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल मोकळा. "मग म्हणावं, उजवं माझं."

मी परत खाली आले आणि म्हणाले, "उजवं यांचं." आपण काय बोलतोय हे मला दुपारी कळलं, सुतार दारात आला तेव्हा.

एका अंगाची होडी असती तर ती कधीच झाली नसती. तिच्यासाठी दोघांना एका ठिकाणी उभं राहावं लागलं असतं. पण हिला दोन अंगं होती. एक तू कर, एक मी करतो, शेवटी वासे ठोकून जोडू. बोलायची गरज नाही. असली होडी ज्यानं पहिल्यांदा काढली त्याच्याही घरात एखादी मी असणार, असं मला राहून राहून वाटतं.

सुतार आमच्याच रस्त्यावरचा. एकाच घराच्या दोन मजल्यांवरून त्याच मापाच्या प्लायवुडची दोन वेगळ्या मागण्या आल्यावर तो खात्री करायला आला होता.

"ताई, एकाच ठिकाणी करू की. आठ दिवसांत दोन्ही देतो."

"नको."

"निदान लाकूड तरी एकदम आणू."

"नको."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. "चालेल," म्हणाला. "माझं काही जात नाही. पण मी बघायला येत जाईन." आणि तो खरंच येत गेला. रोज संध्याकाळी आधी खाली, मग वर. कुणालाच काही सांगायचा नाही, नुसता श्वास सोडायचा.

आमचा हॉल होडकं बांधण्याच्या दृष्टीनं बांधलेला नाही. यांनी सोफा भिंतीला लावला, जेवणाचं टेबल आडवं उभं केलं, आणि होडक्याचं शेपूट सोफ्यापाशी ठेवून नाक स्वयंपाकघरात घातलं. फ्रिजचं दार त्यानंतर दुधाची पिशवी आडवी करून काढता येईल इतपतच उघडायचं. टरबुजाचा विषय त्या मोसमापुरता संपला. सगळ्या घराला प्लायवुड चिकटवायच्या रेझिनचा वास. भाजीलाही. यांच्या कोपरांना भुसा, भुवयांना भुसा, आणि ज्या माणसाला घरातलं खिळे ठोकायचं काम सांगितलं की पाठ धरायची, तो माणूस दिवसदिवस ओणवा होऊन घासत होता आणि शीळ घालत होता. ती शीळ खालपर्यंत जायची. खाली दादांची करवत थांबायची, ऐकायची आणि परत सुरू व्हायची.

समोरच्या घरातल्या बाईंना आम्ही आपसांत सल्लागारबाई म्हणतो. एक दिवस त्या साखर परत करायला आल्या आणि होडक्यापाशी थबकल्या.

"घरात एवढं मोठं पन्हाळं कशाला?"

"होडी आहे."

"कुठे जायचंय?"

जवळ पाणी म्हणून एक तलावच होता. "तलावात," मी म्हटलं.

"तिथे माणसं फिरायला जातात, चालत. तुम्हीही चालत जा की. मी तर म्हणते, याला उलटं करा, पाय लावा, छान बाक होईल. हॉलला शोभा येईल." मग आवाज खाली आणून, "भाऊजींचं सगळं ठीक आहे ना? नाही, पुरुषांना या वयात असं होतं. आमच्याकडे मासे पाळले होते."

माझ्याकडे शिडाचं काम आलं. जुने पडदे जोडून शीड शिवायचं. मला शिवणकाम कुणी शिकवलं नाही, मी उसवून उसवून शिकले. त्यामुळे कुठलीही गोष्ट शिवायच्या आधी तिचं माप दहा वेळा घ्यायची मला सवय आहे. मी परकराची नाडी घेतली, वरच्या होडक्याचं नाक ते शेपूट माप घेतलं, गाठ मारली आणि खाली जाऊन दादांच्या होडक्याला लावून बघितली. नाडी एक वीत कमी पडली.

पुन्हा वर. पुन्हा खाली. एक वीत.

कारण पुढे कळलं. झेरॉक्सवाल्यानं कागदात मावावा म्हणून आराखडा जरासा बारीक करून दिला होता, आणि आकडे पुसट म्हणून यांनी पट्टीनं मोजून गुणाकार केला होता. पण तेव्हा मला एवढंच कळलं की यांचं होडकं वीतभर आखूड आहे.

मी आधी दादांना सांगितलं. "माझं बरोबर आहे," दादा म्हणाले. "मूळ कागद माझ्याकडे आहे. त्या शहाण्याला म्हणावं, तू बदल."

मग यांना सांगितलं. "माझं बरोबर आहे. गुणाकार दोनदा केलाय. म्हणावं, त्यांनी कापावं."

मी वळणावर उभी राहिले, दोन्ही निरोप पाखडले, आणि दोन्हीकडे एकच कळवलं: "राहू दे म्हणतात, तसंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते. वरून करवतीचा आवाज आला, खालूनही आला. मला वाटलं, रोजचंच. संध्याकाळी शिडाचे कोपरे बघायला नाडी घेऊन गेले तर दादांच्या होडक्याला शेपूट नव्हतं. पाव कापल्यासारखा सपाट काप, त्यावर ताजी फळी. वर येऊन बघते तर यांच्या होडक्याला नवं नाक फुटलं होतं, लांब, टोकदार, थेट मोरीच्या दारापर्यंत. दादांनी त्यांच्या वितीनं एक वीत कापलं होतं, यांनी यांच्या वितीनं एक वीत वाढवलं होतं. त्या दोन्ही विती माझ्या वितीपेक्षा मोठ्या. आता यांचंच होडकं लांब झालं होतं, आणि पहिल्यापेक्षा जास्त फरकानं.

"दादा, शेपूट कुठे गेलं?"

"नको होतं ते," दादा म्हणाले आणि घासायला लागले.

"अहो, नाक?"

"दिसायला बरं दिसतं," हे म्हणाले.

मी जिन्याच्या वळणावर बसून घेतलं. मला हसावं की रडावं कळेना. हे जर आता दोघांना सांगितलं तर उद्या दादा नाक लावतील, हे शेपूट कापतील, आणि ट्रक येईपर्यंत दोन्ही होडकी आळीपाळीनं लांब आणि आखूड होत राहतील. म्हणून नऊ वर्षांत पहिल्यांदा मी एक निरोप पाखडला नाही, गिळूनच टाकला. दोघांना सांगितलं, "अगदी तंतोतंत झालीत आता."

तसं गिळायची सवय वाईट. त्याच आठवड्यात दादांनी सांगितलं, "त्या अर्धवटाला म्हणावं, वाशांची भोकं पाडताना पुढच्या टोकापासून चार फूट सोड, तिथून पाच फुटांवर दुसरं, नाहीतर नेहमीसारखं उलट्या बाजूनं सुरू करशील." मी वळणावर 'अर्धवट' काढला, 'नेहमीसारखं उलट्या बाजूनं' काढलं, आणि त्या गडबडीत 'पुढच्या' हा शब्दही सुपातून उडाला. वर पोचलं ते असं: "दादा म्हणतात, टोकापासून चार फूट, मग पाच." हे सोफ्यावर बसले होते. सोफ्यापाशी शेपूट होतं. त्यांना जवळचं टोक तेच.

आता परवानगी. तलाव एका कार्यालयाच्या ताब्यात आहे. तिथे खिडकीत एक साहेब बसतात. माणूस वाईट नाही, पण त्यांच्यापुढे एक फॉर्म असतो आणि फॉर्मबाहेरचं जग त्यांना दिसत नाही.

"होडीला अंगं किती?"

"दोन."

"मग दोन होड्या झाल्या. दोन फॉर्म."

"नाही हो, एकच आहे. दोन्ही जोडलेल्या आहेत."

"जोडलेल्या म्हणजे एक दुसरीला ओढणार." त्यांनी खालच्या खणातून तिसरा फॉर्म काढला. "ओढणारी कोण, ओढली जाणारी कोण?"

"कुणीच कुणाला ओढत नाही. दोघी बरोबर जातात."

"तसा रकाना नाही," साहेब म्हणाले. आणि मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं, कारण ते बरोबर बोलत होते. तसा रकाना आमच्याही घरात नव्हता.

मी फॉर्म घेऊन घरी आले. दादा म्हणाले, "त्याला म्हणावं, तू ओढणारा हो. तुझ्या अंगात अजून जोर आहे." हे म्हणाले, "दादा असताना मी ओढणारा कसा? त्यांना म्हणावं, तुम्ही पुढे, मी मागे." चार दिवस कागद वरखाली होत राहिला. त्याला चहाचा डाग पडला, रेझिनचा बोटाचा ठसा पडला. शेवटी मीच दोन्ही रकान्यांत 'दोघे' असं लिहिलं आणि दोघांच्या सह्या दोन मजल्यांवर घेतल्या.

साहेबांनी 'दोघे' बराच वेळ वाचलं. मग मान हलवली. "आणि तुम्ही कोण?"

"मी मध्ये बसणार."

"डाव्या होडीत की उजव्या?"

"मध्ये. फळ्यांवर."

"म्हणजे कुठल्याच होडीत नाही." त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत धुंडाळला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "माल," ते म्हणाले. "मालात घालतो. अंदाजे वजन सांगा."

मी सांगितलं. थोडं कमी सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आपल्या मनानं त्यात भर घातली.

परवानगी मिळाली ती एका दिवसाची, बुधवारची. ट्रक गुरुवारी. होडी काठापासून पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपापर्यंत जाऊन परत आणायची, साहेब शिट्टी घेऊन काठावर.

बुधवारी सकाळी वरचं होडकं खाली न्यायचं होतं. जिन्याच्या वळणावर ते बसणार नाही हे यांनी अडीच महिन्यांपूर्वीच ओळखलं होतं म्हणे, फक्त सांगायचं राहिलं. सुतारानं खिडकीची जाळी काढली. होडक्याला दोर बांधले. वर हे आणि सुतार दोर सोडणार, खाली दादा झेलणार. आणि दादांनी "हळू" म्हटलं की ते यांना सांगायला मी जिन्यानं धावत वर जाणार. मी तीन वेळा धावले. तिसऱ्या वेळी वर पोचून "हळू" म्हणाले तेव्हा दोर सैल होता आणि होडकं सल्लागारबाईंनी उन्हासाठी आमच्या अंगणात ठेवलेल्या कुंड्यांमध्ये उभं होतं, नाक जमिनीत रुतवून. खिडकीतून दादांची मान दिसत होती. ते वर बघत होते. हेही खाली बघत होते. दोघांनीही ओठ उघडले. मी श्वास रोखला. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"त्यांना विचार, लागलं का कुठे," हे म्हणाले.

मी परत चोवीस पायऱ्या उतरले.

तलावाच्या काठावर दोन्ही अंगं पहिल्यांदा शेजारी ठेवली. सुतारानं वासे भोकांत बसवले, नटबोल्ट आवळले, दोन पावलं मागे झाला आणि त्याचा तो श्वास सोडला. भोकं दादांची पुढून मोजलेली, यांची मागून. त्यामुळे यांचं अंग तीन फूट पुढे सरकलं होतं, त्यात ते नवं नाक. दादांचं मागे राहिलं होतं, त्यात शेपूट कापलेलं. होडी पाऊल टाकून उभी असल्यासारखी दिसत होती. उजवा पाय पुढे, डावा मागे.

"हिला कुठेतरी जायचंय," सल्लागारबाई म्हणाल्या. त्या कुंड्या विसरून आल्या होत्या.

दादांनी होडीकडे बघितलं. यांनी बघितलं. दोघांचेही चेहरे लाल. चूक कुणाची, हे मला एकटीला माहीत होतं, आणि मी शिडाच्या दोऱ्या तपासण्यात अगदी गुंग होते. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली.

एक गोष्ट राहिली होती. मधला माळा. डावं दादांचं, उजवं यांचं. मधलं कुणाचं, हे ठरलंच नव्हतं. दोघांनीही धरून चाललं होतं की मधलं माझं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुतारानं आणलेल्या फळ्या मी वाशांवर मांडल्या, उरलेल्या पडद्याच्या दोरीनं माझ्या पद्धतीनं बांधल्या, आणि त्यावर माल म्हणून बसले.

निघालो. निघालो म्हणजे फिरलो. होडी एका जागेभोवती डावीकडे वळायला लागली. लाल पिंप समोर आलं, बाजूला गेलं, पाठीमागे गेलं, पुन्हा समोर आलं.

"अगं, दादांना सांग, जोरात वल्हवा."

"दादा, जोरात वल्हवा म्हणतात."

"त्याला म्हणावं, तू जरा हात आवर."

"तुम्ही जरा..." तोवर पिंप परत आलं. काठावर सल्लागारबाईंनी हात हलवला. मी पण हलवला. दुसऱ्या फेरीला त्यांनी परत हलवला. तिसऱ्या फेरीला कुणाला काय सांगायचं होतं ते मी विसरले, आणि यांचा निरोप यांनाच दिला.

तेवढ्यात वारा आला आणि शीड भरलं. फुलाफुलांचे आमचे बेडरूमचे पडदे, एक टाका न उसवता, पोट काढून उभे राहिले. आयुष्यात मी शिवलेली इतकी मोठी गोष्ट इतकी बरोबर झालेली मी कधी बघितली नव्हती. नीट बघावी म्हणून उठून उभी राहिले. एक फळी डावीकडे गेली, एक उजवीकडे, आणि मी सरळ खाली.

पाणी नाकात, कानात. पाय मारले. मग पाय कशाला तरी लागले. चिखल. मी उभी राहिले, डोकं वर काढलं. पाणी छातीपर्यंत होतं. तोंड उघडून सांगणार, की काही नाही झालं, उभी आहे मी. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"अरे, तिला पोहता येतं का?"

दादांचा आवाज. ते मला विचारत नव्हते.

"माहीत नाही," हे म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे? सव्वीस वर्षं झाली लग्नाला."

"कधी विषय निघाला नाही, दादा."

मी तोंड मिटलं. आणि गुडघे वाकवले. पाणी हनुवटीपर्यंत आलं.

"वल्हं दे तिला."

"तू दे. तुझ्या जवळ आहे ती."

"मधे आहे ती. हे मधलं बांधलं कुणी?"

"मला वाटलं, तू."

"मला वाटलं, तू." दोघांनी एकदमच वल्हं पुढे केलं. मी दोन्ही वल्ह्यांना एकेका हातानं धरलं. आता बाहेर ओढतील म्हणून थांबले. कुणी ओढेना.

"आणि भोकं मागून कशाला मोजलीस?"

"टोकापासून म्हणाला होतास."

"पुढच्या टोकापासून म्हणालो होतो. स्पष्ट."

 मग दोघांनी खाली माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं, आणि ते माझ्याविषयी होतं. मी डोळ्यांत पाणी गेल्यासारखं केलं.

"शेपूट का कापलंस?" हे म्हणाले.

"तुझं आखूड होतं म्हणून. तुझ्याशी जुळावं."

"मी नाक वाढवलं ना त्यासाठी."

"मला काय माहीत?"

"विचारायचंस."

"तू विचारायचंस."

काठावर साहेब शिट्टी वाजवत होते. होडी वाऱ्यावर हळूच फिरत होती आणि दोन्ही वल्ह्यांना धरून तिच्याबरोबर मीही, चिखलात एकेक पाऊल टाकत, गुडघे वाकवलेलेच. पाणी गार होतं. पोटऱ्यांना गोळे यायला लागले होते.

"उद्या जायलाच हवं का?" हे म्हणाले. आवाज वेगळाच. दाढी करताना फेस सुकल्यावर येतो तसला.

दादांनी वल्हं सोडलं नाही, पण ओढलंही नाही. "तू विचारलं नाहीस."

"आता विचारतोय."

"आधी तिला बाहेर काढू."

"काढू की. तू उत्तर दे आधी."

दादा लांब कुठेतरी बघत राहिले. मला वाटलं, ते आता माझ्याकडे वळतील आणि म्हणतील, त्याला म्हणावं. म्हणून मी मान दुसरीकडे वळवली, गुडघे आणखी थोडे वाकवले, आणि खरं वाटावं म्हणून अधूनमधून पाय मारत राहिले.